पेट्रोल त्यांच्या खिडकीखाली, दर आमच्या बोकांडी

"काय हवा आहे राव तुमच्याकडं!"

हे वाक्य दाजींनी कुठं म्हणावं? पेट्रोल पंपावर. तेही बंद पंपावर. आज सकाळी. आडवी दोरी, दोरीला लटकवलेलं ऑइलचं रिकामं कॅन, आत पोऱ्या खुर्चीवर पाय घेऊन रील बघायलाय, मी गाडी ढकलून घामाघूम, आणि हा माणूस हात मागं बांधून छातीभर श्वास घ्यायलाय. पोऱ्याला विचारलं, टँकर कधी? मान वर न करता म्हणाला, "पानेवाडीहून निघालाय." परवाही निघालाच होता. पानेवाडी मनमाडजवळ आहे का मंगळावर?

तर दाजी पुढं म्हणतात, "तुला किंमत नाही रे या हवेची. आमच्याकडं ये एकदा."

आलोय ना! दाजी राहतात माहुलला, चेंबूरच्या टोकाला. दोन-दोन रिफायनऱ्या, जोडीला खताचा कारखाना. 1954 पासून तिथं तेल उकळतंय. ताई फोनवर बोलता बोलता उठते, खिडकी लावते, "वास सुटला बघ" म्हणते आणि खोकते. 2018 च्या ऑगस्टमध्ये रिफायनरीत स्फोट झाला तेव्हा दिवसभर आमचा जीव टांगणीला. तिथल्या हवेपायी लोक हायकोर्टात गेले. म्हणून दाजींनी इथं येऊन खुशाल हवा खावी, पोतं भरून न्यावी. पण रिकाम्या टाकीशेजारी उभं राहून मला तिची किंमत सांगू नये.

डोकं फिरतं ते यानं की त्यांच्या खिडकीखाली गाळलेलं पेट्रोल पाइपातून पानेवाडीच्या डेपोत येतं आणि तिथून टँकरमध्ये बसून खड्डे मोजत आमच्या जिंतूरला. त्या टँकरचं भाडं कुणाच्या खिशातून? ज्याच्या गावाला रेल्वेसुद्धा नाही त्याच्या. एरवी आमच्या परभणी जिल्ह्याचं नाव टीव्हीवर येतं ते थंडीच्या पाऱ्यासाठी. 2021 ला पेट्रोल शंभरीपार गेलं तेव्हा मात्र देशभर झळकलं. सत्कारच ठेवायला पाहिजे होता.

2024 च्या बजेटमध्ये पेट्रोल-डिझेलवरचा टॅक्स कमी केला, तो कुणाचा? मुंबई, ठाणे, नवी मुंबईचा. आम्हाला सांगितलं, तुमचा आधीच कमी होता. होता ना! तरी दर आमचाच जास्त. त्याच वर्षी जानेवारीत टँकरवाल्यांनी संप केला तेव्हा दाजींनी चेंबूरच्या रांगेचा फोटो पाठवला, "बघ काय हाल." एका दिवसात रडकुंडीला आले. इथं पंपावर दोरी दिसली तर कुणी फोटोसुद्धा काढत नाही.

आता त्यात वीस टक्के इथेनॉल. ऊस आमचा, पाणी आमचं, मळी आमची, दर जिथल्या तिथं. आणि पेट्रोल असलं तरी काय सुख? "झिरो बघा" म्हणतो पोऱ्या आणि मीटरपुढं स्वतःच उभा राहतो. सुट्टे कधीच नाहीत. फोनपेला रेंज नाही. फुकट हवा भरायचं मशीन तर मी चालू असलेलं पाहिलेलंच नाही, नळीला बायकांनी ओढण्या वाळत घातल्या तरी चालतील. दाजींना मी तेही म्हणालो, "हवा एवढी चांगली आहे तर टायरात भरून दाखवा." हसले. मुंबईची माणसं हसतात फार.

बरं, एवढा तणतणतोय मी, पण माझं गिऱ्हाईकपण किती, तर शंभरचं. कायम शंभरचं. शंभरात लिटरही येत नाही आणि रुबाब असा की रिफायनरी माझ्याच जिवावर चालते. बायको म्हणाली, "पंप घरापासून हाकेवर, गाडी नेलीच कशाला?" पेट्रोल भरायला गाडी न्यावी लागते, हे तिला समजावून सांगताना माझा आवाज इतका चढला की शेजारच्या मावशी बघायला आल्या. दाजी आमच्या ओट्यावर बसून दीर्घ श्वास घेत होते.

आता म्हणतात, संध्याकाळी येलदरी धरणावर नेऊन आण, तिथली हवा तर आणखी भारी असेल.

नेतो की. टाकी फुल्ल करा, दाजी. तुमच्याच दारातलं आहे, फक्त आमच्या दरानं.