दांड्याला आवाज नसतो म्हणे

‘बेल्ट की डायरेक्ट ड्राइव्ह हा वाद पुरे, आधी आर्मकडे बघा’ या माझ्या लेखाखाली ‘कानसेन’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, बेल्टने फिरतं की थेट मोटरने यावर भांडण्यापेक्षा आधी सुई धरणाऱ्या आर्मकडे बघावं, असं मी त्यात म्हटलं होतं. ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक, मी दोन टर्नटेबलांवर दोन वेगळ्या कार्ट्रिज (सुई ज्यात बसते आणि तिच्या हालचालीची वीज होते ते खोकं) लावल्या आणि त्यावरून आर्मबद्दल निष्कर्ष काढला. दोन, ऐकताना दोन्हींचा आवाज एकाच पातळीवर आणला होता की नाही हे लिहिलं नाही. तीन, लेखातलं २३० मिलिमीटरचं माप चुकलं आहे. आणि चौथं जसंच्या तसं देतो: “आर्म म्हणजे एक दांडा. दांड्याला आवाज नसतो. आधी एखादं चांगलं टर्नटेबल नीट ऐका, मग लोकांना शिकवा!!!”

उद्गारचिन्हं तीन आहेत. तुमचा भर मोजमापावर आहे, म्हणून मोजून सांगितलं.

आधी तुमचं देणं चुकतं करतो. माप चुकलं, मान्य. टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ च्या आर्मबद्दल लिहिताना मी पिव्हट (आर्म ज्यावर फिरतो तो बिंदू) ते स्पिंडल (रेकॉर्डच्या भोकात येणारा मधला खुंट) हे अंतर २३० मिमी दिलं होतं. प्रत्यक्षात २३० ही पिव्हटपासून सुईच्या टोकापर्यंतची लांबी. पिव्हट ते स्पिंडल अंतर २१५. मधले १५ मिमी म्हणजे ओव्हरहँग, सुई स्पिंडल ओलांडून पलीकडे जाते तेवढं अंतर. मी लेखात दुरुस्ती केली आहे आणि चूक कोणी दाखवली तेही लिहिलं आहे. चूक दाखवणाऱ्याचे आभार मानायला मी कधी मागेपुढे पाहिलेलं नाही. पण आभार मानायलासुद्धा समोरच्याने थोडी जागा ठेवावी लागते. हीच चूक “माप एकदा तपासून पाहाल का?” एवढ्या पाच शब्दांत सांगता आली असती. तुम्ही ती तलवारीच्या टोकावर धरून सांगितलीत.

असो. आता दांडा.

हा शब्द तुम्ही हिणवण्यासाठी वापरलात हे उघड आहे, म्हणून जरा सविस्तर बोलू. कार्ट्रिजमध्ये काय घडतं? सुई खाचेबरोबर हलते, आणि सुईची दांडी (घ्या, इथेही दांडीच) कार्ट्रिजच्या खोक्याच्या तुलनेत जितक्या वेगाने हलेल तितकी वीज तयार होते. ‘तुलनेत’ या शब्दावर जरा थांबा. सुई हलली आणि खोकं स्थिर राहिलं तर ते संगीत. खोकं हललं आणि सुई जागच्या जागी राहिली तरी कार्ट्रिजच्या लेखी तेही संगीतच. कोण हललं हे तिला कळायचा मार्गच नाही. ते खोकं कशाला बांधलेलं असतं? तुमच्या त्या दांड्याला. खाचेतली वळणं मायक्रॉनमध्ये मोजायची असतात. तिथे दांड्याचं बेअरिंग केसभर ढिलं असलं, नळी वाजत असली, हेडशेलचा (कार्ट्रिज बसते त्या टोकाचा) सांधा सैल असला, तर त्यातला प्रत्येक थरकाप सिग्नलमध्ये उतरतो. रेगा कंपनीने १९८३ मध्ये आरबी३०० हा आर्म आणला तेव्हा हेडशेल आणि नळी मिळून एकसंध ॲल्युमिनियमचा ओतीव तुकडा केला तो उगीच नव्हे. सांधाच नको, हा त्यामागचा विचार. एसएमई कंपनीने १९५९ मध्ये बारा इंची ३०१२ आर्म काढला तो लांब दांड्याची हौस म्हणून नाही. आर्म लांब झाला की सुईचा खाचेशी होणारा कोन कमी चुकतो. त्या बदल्यात वजन वाढतं, आणि त्या वजनाचा हिशेब वेगळा द्यावा लागतो.

तो हिशेब मी एकदा दिला आहे, आणि पुस्तकात वाचून नाही. पण त्याआधी दांड्याच्या आवाजाचं सांगतो.

माझ्या मामाकडे जुनं आयडलर (रबरी चाकाने फिरणारं) टर्नटेबल होतं. मी तेरा वर्षांचा होईपर्यंत त्याला हात लावायची मुभा नव्हती. मग मामाने एक अट घातली: अँप्लिफायर बंद ठेवून सुई रेकॉर्डच्या कडेच्या कोऱ्या खाचेत हाताने अशी उतरव की टेकल्याचा आवाज मला ऐकू येणार नाही. मामा शेजारी डोळे मिटून बसायचा. ‘टक्’ झालं की पुन्हा. महिनाभर हेच. त्या महिन्यात मला एक गोष्ट कळली. अँप्लिफायर बंद असतानाही सुई बोलते. कान जवळ नेला की अख्खं गाणं ऐकू येतं, पातळ, कुजबुजल्यासारखं, पण शब्द कळतील इतकं. तो आवाज कार्ट्रिजच्या खोक्यातून येतो आणि त्यातला काही भाग नळीतून पुढे पिव्हटकडे जातो. दांड्याला आवाज नसतो असं तुम्ही म्हणता. मी तो वयाच्या तेराव्या वर्षी ऐकला आहे. तुम्ही तेव्हा काय ऐकत होतात, विचारत नाही.

पुढे स्वतःचं टर्नटेबल घेतलं, त्यावर एक जडसर आर्म होता आणि मी त्याला अतिशय मऊ सस्पेन्शनची (सुईच्या दांडीला तोलणाऱ्या टेकूची) कार्ट्रिज जोडली. आर्मचं प्रभावी वजन (सुईला हलवावं लागतं ते) सुमारे २० ग्रॅम, कार्ट्रिज आणि स्क्रू मिळून ७, कॉम्प्लायन्स (सस्पेन्शनच्या मऊपणाचा आकडा) ३०. संगीत ऐकायला बरं वाटायचं. एकदा स्पीकरची जाळी काढून ठेवली होती, आणि किंचित वाकलेली एक रेकॉर्ड लावली. वूफरचा (खर्जाच्या स्पीकरचा) शंकू दम लागल्यासारखा आतबाहेर होत होता. आवाज काहीच नाही, नुसती धाप. मी टॉर्च धरून दहा मिनिटं बघत बसलो. मग कागद घेतला. १५९ भागिले वजन गुणिले कॉम्प्लायन्सचं वर्गमूळ, हे सूत्र तुम्हाला पाठ असेलच. २७ गुणिले ३० म्हणजे ८१०, त्याचं वर्गमूळ साधारण २८.५, उत्तर ५.६ हर्ट्झ. आर्म आणि कार्ट्रिजचा अनुनाद (ज्या कंपनाला दोघं मिळून सर्वांत जास्त डोलतात तो आकडा) ८ ते १२ हर्ट्झच्या आसपास हवा, म्हणजे तो वाकलेल्या रेकॉर्डच्या हेलकाव्यांच्या वर आणि संगीताच्या खाली राहतो. माझा नेमका हेलकाव्यांत जाऊन बसला होता. ८ ग्रॅमचा हलका आर्म बसवला, आकडा ७.५ वर आला, आणि शंकू निवांत झाले. त्याच आठवड्यात सुईही नवी घातली होती, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण ती त्याच मॉडेलची होती, तेव्हा हिशेब बदलत नाही. मोटर तीच, प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची फिरती तबकडी) तोच, बेल्ट तोच. बदलला तो दांडा.

याला ऐकणं म्हणत नाहीत तर कशाला म्हणतात?

आता ‘चांगलं टर्नटेबल’. हा शब्द तुम्ही असा टाकलात की जणू त्याची व्याख्या ठरून गेली आहे. टेक्निक्सने १९७० मध्ये एसपी-१० आणलं, प्लॅटर थेट मोटरवर. १९७९ च्या एसएल-१२०० एमके२ मध्ये वेगावर क्वार्ट्झचं नियंत्रण आलं आणि वॉव-फ्लटरचा (वेगातल्या चढउताराचा) छापील आकडा ०.०२५ टक्के झाला. बेल्टवाले तेव्हापासून हातघाईवर आले आहेत, आणि ते मी लेखात लिहिलंही होतं. माझं म्हणणं एवढंच होतं की हा आकडा चाटून फारसं काही हाती लागत नाही. रेकॉर्डचं मधलं भोक केंद्रापासून ०.२ मिमी सरकलेलं असेल, तर १०० मिमी त्रिज्येवर सूर ०.२ टक्के वर आणि ०.२ टक्के खाली जातो, दर १.८ सेकंदांनी एक फेरा. दोन्ही मापं काढायची पद्धत एक नाही, पण अंतर किती आहे ते दिसतंच. पियानो असो की तानपुरा, लांब टिकणारा सूर लावा आणि आर्मकडे बघा: तो शांतपणे डावी-उजवीकडे डोलत असतो. जगातलं कुठलंही ‘चांगलं टर्नटेबल’ ते डोलणं थांबवत नाही. हे मी नीट ऐकून लिहिलं होतं, आणि नीट बघूनही.

राहिला कार्ट्रिजचा मुद्दा. होय, वेगळ्या होत्या. एकावर डेनॉन डीएल-१०३, दुसऱ्यावर मऊ सस्पेन्शनची मूव्हिंग मॅग्नेट जातीची कार्ट्रिज. प्रत्येक आर्मला मानवेल ती लावली, आणि लेखात ते स्पष्ट लिहिलं होतं. पुढे.

आवाजाची पातळी मी कानाने जुळवली. किंचित मोठा आवाज उगाच अधिक चांगला वाटतो, हे मला माहीत आहे. ते सांगायला कानसेन नावाच्या माणसाची गरज नव्हती. इतकी वर्षं व्हॉल्यूमच्या बटणावर ज्याची बोटं आहेत त्याला एवढं कळतं. मीटर वापरला नाही म्हणून सगळंच रद्द करायचं असेल तर करा, तुमची मर्जी.

एक विनंती मात्र आहे, आणि ती खरोखर विनंतीच आहे. आज रात्री अँप्लिफायर बंद ठेवून एक रेकॉर्ड लावा आणि कान आर्मजवळ न्या. काय ऐकू आलं ते इथेच लिहा. ऐकू आलं नाही तरी लिहा, मी छापीन. तीनपैकी दोन उद्गारचिन्हं मात्र काढून टाकीन.