उपाशी मोबाईल पाहिजे

आमच्या आईला दशावतार, म्हणजे आमच्याकडे जत्रेत रात्रभर चालणारं नाटक, अख्खा लागतो. मोबाईलवर कुणीतरी पाठवलेला तीन मिनिटांचा तुकडा तिला दाखवा, ती तो बघेल आणि विचारेल, "मग पुढे?" गुडघ्यांमुळे आता रात्रभर जमिनीवर बसवत नाही, म्हणून यंदा मी वेंगुर्ल्याकडच्या आमच्या गावच्या जत्रेला निघताना तिने मला हुकूम दिला, "गणपती येतो तिथपासून दहीकाल्यापर्यंत सगळं घेऊन ये. मधलं काही गाळू नकोस."

गाळू नकोस म्हणणं सोपं असतं. दशावतार रात्री उशिरा उभा राहतो आणि पहाटे हंडी फुटली की संपतो. हँडीकॅमची बॅटरी दीड तासात मान टाकते. देवळाच्या मांडवात प्लगचा बोर्ड एकच. त्यावर माईक, हॅलोजन आणि खाजंवाल्याचा दिवा असे तीन मानकरी आधीच बसलेले, आणि बोर्डाशेजारी खुर्ची टाकून देवस्थान कमिटीचे आप्पा. मी नुसती वायर हातात घेतली तर म्हणाले, "थंय हात लावू नको. माईक गेलो तर राजा मुको होतलो."

हे होणार याचा अंदाज मला मुंबईतच होता, म्हणून लॅमिंग्टन रोडला जाऊन आलो होतो. तिथे डमी बॅटरी मिळते. दिसायला हुबेहूब बॅटरी, आत काही नाही, मागून एक वायर निघते. कॅमेऱ्याला वाटतं पोटात बॅटरी आहे. प्रत्यक्षात जेवण बाहेरून येतंय. पॉवर बँक देते ५ व्होल्ट, कॅमेऱ्याला हवेत ८ च्या आसपास, त्यामुळे वायरच्या मधोमध व्होल्ट चढवणारी एक डबी. दुकानदाराने सगळं कागदात गुंडाळलं आणि "चलेगा ना?" या प्रश्नावर "चलना तो चाहिये" असं उत्तर दिलं. त्या 'चाहिये'चे पैसे वेगळे लावले नाहीत, एवढीच कृपा.

पॉवर बँकवर पुढे मोठ्या अक्षरांत २०००० एमएएच असं छापलेलं असतं. हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा. वायरच्या दुसऱ्या टोकाला तो तेवढा कधीच पोचत नाही. खरा आकडा मागच्या बाजूला, मुंगीच्या अक्षरात: ७४ वॅट-तास. तोही छापतात तो विमानतळावरच्या तपासणीसाठी, कारण १०० च्या वर गेलात तर विमान कंपनीची परवानगी लागते. चढउतारात थोडं सांडणार, म्हणून मी साठच धरले. कॅमेरा खातो पाचेक वॅट. म्हणजे बारा तास. हिशेबाने दशावतार संपून दुसऱ्या दिवशीची माशाची आमटीसुद्धा शूट झाली असती.

पालखीच्या प्रदक्षिणा चालू असतानाच मी तिवई लावली, पॉवर बँक तिच्या पायाला सेलोटेपने बांधली, थोडं शूट करून पाहिलं आणि नाटक उभं राहीपर्यंत कॅमेरा थांबवून ठेवला. एक पोरगा बराच वेळ त्या वायरींकडे बघत होता. "काका, ह्यो बाँब काय?" मी नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला.

पायपेटी वाजली, मृदंगावर थाप पडली, रिद्धी-सिद्धीसह गणपती आले आणि मी बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. पडदा काळा.

झालं होतं असं. थांबवलेला कॅमेरा वीज वाचवायला काही मिनिटांनी झोपतो. तो झोपला की वीज ओढत नाही. वीज कुणी ओढत नाही असं दिसलं की पॉवर बँक समजते, मोबाईल भरला, आणि तीही दिवा मालवून झोपते. दोघांचा स्वभाव काटकसरीचा, आणि त्या काटकसरीत माझा गणपती गेला. लिथियम-आयन बॅटरी सोनीने १९९१ साली बाजारात आणली, माणूस वायरीतून सुटावा म्हणून. आणि मी भर मांडवात ओणवा होऊन, तोंडात टॉर्च धरून, वायर उपटून परत खोचत होतो.

उपाय मामाने काढला. मामा बारावी नापास आहे, पण त्याने आयुष्यभर शेतीपंप सांभाळलेत. म्हणाला, "तिका झोप येता तर दुसऱ्या बिळात कायतरी लाव. जागी ऱ्हवात." आणि दुसऱ्या पोर्टला स्वतःचा मोबाईल खोचला. पॉवर बँक टक्क जागी. आता कॅमेरा झोपो की उठो, मोबाईल वीज ओढतोय.

फक्त मोबाईल कधीतरी भरतो. भरला की त्याचं ओढणं संपतं आणि आपण मूळ पदावर. म्हणजे रात्रभर आळीपाळीने उपाशी मोबाईल हवेत. मामाने हे शेजारच्या माणसाला समजावलं, त्याने पुढच्याला, आणि तत्त्व बाजूला राहून मांडवभर एवढंच पोचलं की मुंबईवाल्याकडे फुकट चार्जिंग आहे. रांग लागली. मामा टक्केवारी बघून प्रवेश देऊ लागला. चाळीसच्या वरच्यांना परत पाठवायचा. एक वहिनी बटणांचा फोन घेऊन आल्या, त्यांना मामाने "हेचा पोट ल्हान" म्हणून नाकारलं, तर त्या म्हणाल्या, "तुझ्या मुंबैवाल्याचा यंत्र आमच्या गरिबांका चालना नाय काय?"

तोवर संकासुर आला. काळा अंगरखा, लोंबती लाल जीभ, आणि समोरच्या कुणालाही न सोडण्याचा पिढीजात हक्क. त्याने रांगेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पेटीवाल्याला थांबवलं. "मी नुसते वेद चोरले तर देव माका मारूक येता. हंय सगळो गाव लाईट चोरता, तेंका कोण मारतलो?"

माईकवरून. आप्पा खुर्चीतून उठून बोर्ड तपासून आले.

दहीकाल्यापर्यंतचं सगळं मिळालं. आईने ते दोन दुपारींत पाहिलं. आवाजाबद्दल तिची तक्रार आहे, कारण ऐन युद्धाच्या प्रसंगात, राजा तलवार उपसत असताना, कॅमेऱ्याच्या मागून सारखं "माझो कितको झालो?" असं ऐकू येतं. गणपती कुठे आहे, हे तिने विचारलंच. आणि जत्रेच्या जमाखर्चाचा कागद मामाने परवा पाठवला, त्यात देणगीदारांच्या यादीत माझ्या नावापुढे रक्कम नाही; तिथे लिहिलंय, 'मोबाईल चार्जिंग, रात्रभर'.