नेमकी तिथेच सुरी फिरते

जी गाणी एकमेकांत मिसळूनच ध्वनिमुद्रित झाली आहेत, त्यांच्यामध्ये अर्ध्या सेकंदाची शांतता घुसडण्याचा अधिकार संगीत ऐकवणाऱ्या या ॲपला कोणी दिला, हा प्रश्न मला दर रात्री पडतो आणि दर रात्री मी तितकाच चिडतो. ‘पिंक फ्लॉइड’ या रॉक बँडच्या १९७३ सालच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या अल्बममध्ये ‘ब्रेन डॅमेज’ संपता संपता ‘इक्लिप्स’ सुरू होते. ती लाट शिगेला पोहोचत असतानाच कानात टक्क असा आवाज होतो आणि क्षणभर सारे मुके होते. जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या ‘अ लव्ह सुप्रीम’ या अल्बमचे हाल तर ऐकवत नाहीत. जेमतेम ३३ मिनिटांच्या, चार भागांच्या त्या प्रार्थनेत तिसऱ्या भागाच्या शेवटी कोल्ट्रेनचा साथीदार जिमी गॅरिसन एकटाच बास वाजवत राहतो, एकेका तारेची थरथर जाणवते, आणि त्या एकांतातूनच चौथा भाग उमलतो. नेमकी तिथेच सुरी फिरते. १९६५ सालच्या मूळ तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर हे दोन्ही भाग सलग होते, तेव्हा जे साध्या सुईला जमत होते ते आज महिन्याचे पैसे मोजूनही मिळू नये, याचा मला मनस्वी संताप येतो. गाणी सलग वाजवण्याचे सेटिंग मी काल पुन्हा तपासले. ते चालूच आहे.