आधी प्रश्न, मग क्लिक

वर्गात स्क्रीन आली की शिक्षक मागे पडतो, हे वर्गातल्या स्क्रीनवरच्या एका लेखातलं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. आपल्याच माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेत डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले, २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज मिळवलं. शिक्षक मागे पडला का तिथे?

मी सोलापुरात विज्ञान शिकवते. विद्युत परिपथासाठी कोलोरॅडो विद्यापीठाचं मोफत ‘फेट’ सिम्युलेशन, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचा आभासी प्रयोग, वापरते; रेंजचा भरवसा नाही म्हणून घरूनच डाउनलोड करून नेते. आधी विचारते, ‘एकसर (एकापुढे एक) जोडणीत दुसरा बल्ब लावला तर उजेड वाढेल का कमी होईल?’ हात वर होतात, पोरं भांडतात, मगच क्लिक. नंतर खरे सेल आणि वायरी. नुसता व्हिडिओ लावला तर मात्र डोक्यात काही शिरत नाही, हे लेखकांचं खरंय.