तळणीच्या तेलाचा मोक्ष

तळणीचे तेल टाकून देणे हे आमच्या घरात महापातकांपैकी एक मानले जाते. दिवाळीच्या चकल्या डब्यात जाऊन बसल्या की कढईतले तेल गाळून बरणीत भरले जाते, पुढे त्यावर बटाटेवडे, साबुदाणावडे आणि पुऱ्या असे यथाक्रम संस्कार होत जातात, आणि अखेर ते इतके काळवंडते की ते फोडणीला घेण्यासही सासूबाईंचा हात धजावत नाही. मात्र फेकण्याचा विषय निघाला की त्यांना १९७२ च्या दुष्काळातल्या रेशनच्या रांगा आठवतात आणि बरणी पुन्हा फडताळात जाते. तळणीच्या तेलातील ध्रुवीय संयुगे (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात साठत जाणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल खाण्यासाठी वापरू नये, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा २०१८ पासूनचा नियम मी त्यांना वाचून दाखवला. "त्यांना आपली बरणी कुठे माहीत आहे?" एवढेच त्या म्हणाल्या.

हे तेल खायचे नाही आणि टाकायचेही नाही, तेव्हा त्याचा साबण करावा, असे मी ठरवले. तेल मोरीत ओतण्याचा पर्याय होता. पण मोरीत ओतलेले तेल नळीत थिजते, नळी तुंबते, आणि मग ती मोकळी करण्यासाठी लोक तिच्यात कॉस्टिक सोडा ओततात. म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोडा यांचा साबण होण्याच्या ज्या रासायनिक क्रियेसाठी मी एवढी सामग्री जमवणार होते, ती क्रिया अनेक घरांत मोरीच्या नळीत, कोणाचेही कौतुक न होता, आपोआप घडतच असते. हार्डवेअरच्या दुकानदारालाही हेच ठाऊक असल्यामुळे, सोडा मागताच त्याने सहानुभूतीने विचारले, "ताई, मोरी तुंबली का?" साबण करायचा आहे म्हटल्यावर त्याची सहानुभूती मावळली आणि त्याने माझ्याकडे जरा निरखून पाहिले.

साबणाच्या शास्त्रात अंदाजाला जागा नाही, आणि आमचे स्वयंपाकघर तर केवळ अंदाजावर चालते. एक किलो मिश्रणासाठी मी ७०० ग्रॅम तळणीचे शेंगदाणा तेल आणि ३०० ग्रॅम खोबरेल घेतले, कारण खोबरेलाशिवाय साबण कठीण होत नाही आणि फेसही धरत नाही. दोन्ही तेलांना मिळून साधारण १५० ग्रॅम सोडा लागतो. त्यातून पाच टक्के कमी करून मी १४३ ग्रॅमवर थांबले, म्हणजे थोडे तेल शिल्लक राहते आणि साबण कातडी सोलत नाही. "चिमूटभर जास्त घाल, मळ चांगला निघेल," ही सासूबाईंची सूचना मला हातातला काटा घट्ट धरून नाकारावी लागली. त्यातच हे नवे खोबरेल, ग्रॅम मोजणारा काटा, हातमोजे आणि डोळ्यांचा चष्मा यांचा हिशेब नवऱ्याने मांडला आणि फुकटच्या तेलाचा हा साबण चंदनाच्या साबणापेक्षा महाग पडतो, असे शांतपणे जाहीर केले.

तेल शुद्ध करणे हे त्याहून अवघड. ते पंचातून गाळून, मिठाच्या पाण्यात उकळून, थंड करून वरचा थर काढून घेतला, तरी तेलाची स्मरणशक्ती माणसापेक्षा तल्लख असते: हिंग कळत होता, ओवा कळत होता, आणि नवऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे कोजागरीच्या भज्यांतला कांदासुद्धा कळत होता. पुढे भांड्यांचा प्रश्न आला. सासूबाईंनी मोठ्या मनाने आपले जुने जर्मनचे पातेले देऊ केले. परंतु कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो आणि वर हायड्रोजन सोडतो, हे सांगताच त्यांनी ते पदराआड घेतले आणि संध्याकाळपर्यंत माझ्या हाती लागू दिले नाही. स्टीलच्या भांड्यातल्या पाण्यात मी थोडा थोडा सोडा घातला (सोड्यावर पाणी ओतले तर ते उकळून अंगावर येते), तेव्हा विस्तव नसतानाही भांडे हात लावू नये इतके तापले. हे द्रावण निवल्यावर तेलात पडताच, वड्यांच्या पिठातून उतरलेल्या हळदीने क्षाराच्या संगतीत आपला रंग पालटला आणि सगळे मिश्रण तांबूस झाले. कुंकू होते ते याच गुणामुळे. "शुभ आहे," असा निर्वाळा सासूबाईंनी दिला; त्या दिवसातला त्यांचा तो एकमेव अनुकूल अभिप्राय होता.

मिश्रण पिठल्याइतके दाट होईपर्यंत घोटून साच्यात ओतले आणि दुसऱ्या दिवशी वड्या पाडल्या. तेल आणि चरबी यांचा साबण नेमका कसा होतो, याचा उलगडा शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८२३ मध्ये ग्रंथरूपाने केला आणि तो पुढे १०२ वर्षे वयापर्यंत जगला. त्याअर्थी त्याने हे प्रयोग एकत्र कुटुंबात केले नसावेत. क्रिया बव्हंशी दोन दिवसांतच संपते, पण पाणी उडून वड्या कडक व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि तेवढा काळ आमच्या बाल्कनीत पाहुण्यांना बसू देणे बंद झाले. "हिंगाची वडी का?" असे एका मावशींनी विचारले, त्यानंतर मी वड्यांवर कागद झाकला.

साबण झाला, आणि चांगला झाला. फेस येतो, मळ निघतो, हात कोरडे पडत नाहीत. सासूबाईंनी एक वडी हातात घेऊन बराच वेळ हुंगली आणि विचारले, "अगं, याने आंघोळ केल्यावर पुन्हा कशाने आंघोळ करायची?" तेव्हापासून तो भांड्यांना आणि फरशीला लागतो.

इमारतीत मात्र बातमी पसरली. साबण कोणी मागत नाही. तेल मात्र सगळे आणून देतात, आणि ज्यांच्या घरी ते वर्षानुवर्षे मोरीत जात होते तेही आता पर्यावरणाची सेवा केल्याच्या समाधानाने माझ्या दाराशी बाटल्या ठेवून जातात. परवा खालच्या मजल्यावरच्या काकू स्वतः आल्या. "यात सुरमई तळली होती," त्या म्हणाल्या, "पण साबणाला काय त्याचं? मला दोन वड्या ठेवा, फक्त जाईच्या वासाच्या." सासूबाई शाकाहारी आहेत आणि त्या वेळी दारातच उभ्या होत्या. मी बाटली वजन करून घेतली, वहीत 'सुरमई, ४५० ग्रॅम' अशी नोंद केली, आणि बाटली जिन्यातच ठेवली.