मार्केझ म्हणे आयत्या बिळावरचा नागोबा!

मेक्सिकोचा निवृत्त बचावपटू राफाएल मार्केझ याच्याबद्दल फुटबॉलवेड्यांमध्ये तीन गोष्टी छातीठोकपणे सांगितल्या जातात. एक, बार्सिलोनात त्याला मेस्सीच्या जिवावर पदकं मिळाली, हा आपला आयत्या बिळावर नागोबा. दोन, विश्वचषकात मेक्सिकोला त्यानेच बुडवलं. तीन, पाच विश्वचषकांतलं कर्णधारपद हा नुसता मान होता. तिन्हींत खऱ्याची चिमूट आहे, म्हणून त्या खपतात.

आधी मेस्सी. १७ मे २००६ रोजी पॅरिसमध्ये बार्साने (म्हणजे बार्सिलोनाने) आर्सेनलला २-१ हरवून युरोपातल्या क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा, चॅम्पियन्स लीग, जिंकली, तेव्हा दुखापतीमुळे मेस्सी संघातच नव्हता. पुयोलच्या जोडीला बचावाच्या मध्यभागी मार्केझ होता, आणि तो पूर्ण सामना खेळला. ही स्पर्धा जिंकणारा तो पहिला मेक्सिकन. त्याआधीच्या २००४-०५ च्या स्पॅनिश लीग विजेतेपदाच्या वेळी तर मेस्सी सतरा वर्षांचा पोरगा, अधूनमधून शेवटची काही मिनिटं उतरणारा. त्याच हंगामात मधल्या फळीतल्या एदमिल्सन आणि मोत्ता दोघांचेही गुडघे गेले आणि प्रशिक्षक रायकार्डने मार्केझला बचावफळीपुढे मध्यरक्षक म्हणून उभं केलं. चाळीस-पन्नास मीटरचा पास अचूक टाकणारा बचावपटू हाताशी असला की असं करता येतं. आघाडीच्या रोनाल्डिन्यो आणि एटोचं श्रेय कुणी नाकारत नाही, पण मागून चेंडू येतो तेव्हाच पुढच्यांची जादू चालते.

२००९ च्या चॅम्पियन्स लीग विजेतेपदाचं मात्र मान्य. चेल्सीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात गुडघा दुखावला आणि रोमची अंतिम लढत त्याला खेळता आली नाही. पण बार्सात येण्यापूर्वी, २००० मध्ये, तो मोनॅकोकडून फ्रान्सचा विजेता झाला होता. बार्सा सोडल्यावर लिओन या मेक्सिकन क्लबच्या कर्णधारपदी त्याने मेक्सिकोची लीग लागोपाठ दोनदा जिंकली, आणि हा क्लब २०१२ मध्येच वरच्या श्रेणीत परतला होता. तिथे कोण मेस्सी होता?

आता 'बुडवलं'. २००२ मध्ये अमेरिकेविरुद्ध कोबी जोन्सला डोकं मारून त्याने लाल कार्ड घेतलं. लाजिरवाणंच, सफाई देण्यात अर्थ नाही. पण ते ८८ व्या मिनिटाला, अमेरिका २-० पुढे असताना. २०१४ मध्ये फोर्तालेझात रॉबेनवरच्या त्याच्या फाउलला पेनल्टी मिळाली आणि नेदरलँड्स जिंकलं. 'नो एरा पेनाल', म्हणजे ती पेनल्टी नव्हतीच, हा मेक्सिकन गजर तेव्हापासूनचा. पेनल्टी होती की नव्हती यावर दोन तट पडतील. पण त्याआधी नेदरलँड्सच्या स्नायडरने ८८ व्या मिनिटाला बरोबरी साधली होती, हे दोन्ही तट विसरतात. आणि २००६ मध्ये अर्जेंटिनाविरुद्ध सहाव्या मिनिटाला, २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध, २०१४ मध्ये क्रोएशियाविरुद्ध गोल कुणी केले? यानेच.

बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात गारद होण्याची मेक्सिकोची रड १९९४ आणि १९९८ मध्येही होती. मार्केझ तेव्हा संघात नव्हता. २०२२ मध्येही तो नव्हता, आणि त्या वेळी मेक्सिको गटातूनच बाहेर पडलं.

राहिला 'नुसता मान'. २००२ मध्ये तेवीस वर्षांच्या पोराला प्रशिक्षक आगिरेने कर्णधार केलं, तेव्हा कसला निरोपाचा मान? शंका घ्यायचीच तर २०१८ ची घ्या. वय ३९. अमेरिकेच्या वित्त खात्याने २०१७ मध्ये अमली पदार्थांच्या प्रकरणात त्याच्यावर निर्बंध घातले होते. त्याने आरोप फेटाळले, त्याला कुठल्या न्यायालयाने दोषी ठरवलेलं नाही आणि २०२१ मध्ये त्याचं नाव त्या यादीतून काढण्यातही आलं. पण रशियात त्या निर्बंधांमुळे तो सरावाला प्रायोजकांची नावं नसलेला शर्ट घालून उतरत होता. जर्मनीला १-० हरवताना निकराच्या शेवटच्या टप्प्यात प्रशिक्षकाने त्यालाच आत पाठवलं. ब्राझीलविरुद्ध तो पहिल्या अकरांत होता. मध्यंतराला त्याला बदललं तेव्हा गोलफलक ०-० होता, आणि ब्राझीलचे दोन्ही गोल त्यानंतरचे.