रक्त, बालपण आणि अभय

डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यातील मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली, त्यानंतर चार-पाच दिवसांनी त्याच तालुक्यातील आमच्या गावाहून काकांचा फोन आला. ते बराच वेळ हळहळत राहिले आणि शेवटी म्हणाले, "त्यांचं रक्तच तसलं आहे." 'त्यांचं' म्हणजे आरोपींच्या जातीचं. पुढे त्याच जातीतल्या माझ्या एका वर्गमित्राशी बोलणे झाले, तेव्हा आमच्या जातीविषयी नेमके हेच वाक्य मला ऐकावे लागले. बीडच्या पोलिसांनी २०२५ च्या सुरुवातीला टेबलावरच्या पाट्यांवरून आडनावे काढून फक्त नावे ठेवली. हे वाक्य जिल्ह्यात किती खोल रुजले आहे, हे त्या पाट्यांवरूनही कळते.

मी गेली अकरा वर्षे न्यूझीलंडमधील डनेडिन या शहरात राहतो आणि रक्ताच्या या प्रश्नाचा जगातला एक अत्यंत चिकाटीचा अभ्यास याच शहरात झाला आहे. १९७२-७३ या वर्षभरात इथे जन्मलेल्या १,०३७ मुलांचा मागोवा संशोधकांनी बालपणापासून घेतला आणि ती मुले पन्नाशी ओलांडून गेली तरी तो अजून सुरू आहे. मेंदूतील सेरोटोनिनसारख्या रसायनांचे विघटन करणारे एक विकर (एन्झाइम) असते आणि ते किती तयार व्हावे हे एमएओए नावाचे जनुक ठरवते. हे जनुक कमी सक्रिय असलेली मुले पुढे हिंसक होतात का, हे त्या गटातील मुलग्यांमध्ये तपासले गेले आणि त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. नुसत्या जनुकाने फारसा फरक पडलेला दिसला नाही. मात्र ज्यांच्यात हे जनुक कमी सक्रिय होते आणि ज्यांनी लहानपणी घरात मारहाण व छळही सोसला होता, असे मुलगे गटात जेमतेम १२ टक्के असूनही हिंसक गुन्ह्यांतील ४४ टक्के शिक्षा त्यांच्या वाट्याला आल्या होत्या. पुढच्या अभ्यासांत हा दुवा सगळीकडे इतका ठळक दिसला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे; पण तो जिथे दिसला तिथेही जनुकाइतकेच महत्त्व बालपणाला होते.

एवढे सगळे हाताशी असूनही हा देश रक्ताच्या मोहात पडलाच. २००६ मध्ये याच जनुकाला 'लढवय्या जनुक' असे नाव देऊन ते इथल्या मूळ रहिवासी असलेल्या माओरी समाजात अधिक आढळते अशी चर्चा वृत्तपत्रांत रंगली आणि माओरी लोकांनी तिचा संतप्त निषेध केला. लोकसंख्येत सुमारे १७ टक्के असलेले माओरी इथल्या तुरुंगांत निम्म्याच्या आसपास आहेत. त्यांच्या जमिनी गेल्या, भाषा शाळेतून हद्दपार झाली, पिढ्यान्‌पिढ्या मुले सरकारी संस्थांत वाढली. या इतिहासाचा हिशेब मांडण्यापेक्षा जनुकावर बोट ठेवणे सोपे होते. आपल्याकडे हेच पारध्यांच्या बाबतीत घडले. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अनेक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले आणि त्यानंतर पाचच वर्षांनी इटलीतील डॉक्टर लोंब्रोसो यांनी कवटी व जबडा पाहून जन्मजात गुन्हेगार ओळखता येतो असा सिद्धांत मांडला. सिद्धांत मोडीत निघाला, कायदा १९५२ मध्ये रद्द झाला; तरी चोरी झाली की पोलिसांची गाडी अजून आधी पारध्यांच्या पालावर जाते.

मला काकांना जे सांगायचे होते ते याहून थोडे वेगळे आहे. बांधाच्या भांडणात रागाच्या भरात कुऱ्हाड उगारणारा माणूस आणि खंडणीसाठी थंड डोक्याने माणूस उचलून नेणारी टोळी यांना आपण एकाच शब्दाने ओळखतो, आणि तिथेच चर्चा भरकटते. पहिल्या प्रकारच्या हिंसेत दारू, संतापावर ताबा नसणे, लहानपणी खाल्लेला मार या गोष्टी खरोखर बोलतात. दुसऱ्या प्रकारात लागते ते अभय. मस्साजोगची हत्या पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या आड आल्यामुळे झाली, असे तपास यंत्रणेने आरोपपत्रात म्हटले आहे, आणि अशी खंडणी मागणाऱ्याला आपले कोणी वाकडे करणार नाही ही खात्री असावी लागते. ती खात्री कोणत्याही रक्तातून येत नाही. हत्येनंतर बीडमधील शस्त्रपरवान्यांची फेरतपासणी होऊन अनेक परवाने रद्द झाले. ते मुळात दिले कोणाच्या शिफारशीने, हा प्रश्न मात्र जातीच्या गदारोळात मागे पडला. इथे मार्च २०१९ मध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ जण मारले गेले, तेव्हा महिन्याच्या आत संसदेने बहुतेक अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी घालणारा कायदा केला.

आणि बालपण? दिवाळी झाली की आमच्या वर्गातले निम्मे बाक रिकामे होत. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, ज्यांना आमच्याकडे 'कोयता' म्हणूनच मोजतात, ऊसतोडीला निघत. काही मुले त्यांच्याबरोबर फडात जात, काही म्हाताऱ्या आजीजवळ राहत. त्यातली बहुतेक मुले आयुष्यात कोणावर हात न उगारता कष्टाने जगत आहेत, त्यामुळे गरिबीला गुन्ह्याचे कारण ठरवणे मला त्यांचा अपमान वाटतो. परंतु वर्षातले पाच-सहा महिने आईवडिलांवाचून काढणाऱ्या मुलाला मारणारे हात पुष्कळ असतात आणि जवळ घेणारे थोडे, हे मी पाहिले आहे. शाळेतील मारहाणीला आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी घातली. इथे २००७ पासून आईवडिलांनाही शिस्तीच्या नावाखाली मुलाला मारण्याची कायदेशीर मुभा उरलेली नाही. तोडणी कामगारांच्या मुलांसाठी शाळेजवळ हंगामी वसतिगृहे चालवण्याची योजना आपल्याकडे आहे, आणि हिंसेवर तावातावाने बोलणाऱ्यांनी त्या वसतिगृहांविषयी तितक्याच तावातावाने बोलावे असे मला मनापासून वाटते.

गेल्या रविवारी मी काकांना विचारले की यंदा आपल्या गावातून किती कोयते जाणार आहेत आणि मागे राहणाऱ्या मुलांचे वसतिगृह कोणत्या तारखेला उघडणार आहे. ते थोडा वेळ गप्प राहिले, आणि मग मुख्याध्यापकांना विचारून सांगतो, असे म्हणाले.